गाडीची मूठ तापते कशी, आणि ऐन थंडीत गार का पडते

जुनी शंभर सीसीची गाडी रात्री गावाकडच्या रस्त्यावर चालवलेल्या कुणालाही एक गोष्ट ठाऊक असते. गाडी पळत असते तोवर हेडलाईट लख्ख असतो. पुढे खड्डा दिसतो, आपण वेग कमी करतो आणि उजेड पिवळट होऊन मलूल पडतो. रस्ता नीट दिसायला हवा नेमका तेव्हाच दिवा दगा देतो. मग क्लच दाबून रेस द्यायची, दिवा वाढवायचा आणि खड्डा चुकवायचा. हॉर्न मात्र गाडी जागेवर उभी असतानाही तितक्याच जोरात वाजतो. एकाच गाडीतल्या दोन वस्तू अशा वेगळ्या का वागतात?

हे कोडं सुटलं की आणखी एक कोडं आपोआप सुटतं. दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून कितीतरी दुचाकीस्वार लडाख आणि स्पितीकडे निघतात. त्यांतले बरेच जण हँडलला हीटेड ग्रिप्स, म्हणजे विजेवर तापणाऱ्या मुठी, बसवून घेतात. सपाट रस्त्यावर त्या छान तापतात. खिंडीच्या चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दगडधोंड्यांतून गाडी रखडू लागली, की कोमट होतात. आणि चहाला थांबून परत निघताना सेल्फ मारावा, तर गाडी नुसती ‘टक्’ करून गप्प. दोष बहुतेक वेळा ग्रिपला दिला जातो. ग्रिपमध्ये बिघडण्यासारखं मुळात फार थोडं असतं. खरं कारण तिला वीज कुठून मिळते आणि कोणत्या वाटेने मिळते, यात असतं.

थंडी आधी बोटांनाच का गाठते

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर. हवेचं तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे सकाळी लेहमध्ये १० अंश असतील, तर खिंडीत पारा शून्याखाली गेलेला असू शकतो. त्यात वारा. त्वचेलगत ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो, तो वारा सतत पुसून नेतो. पारा शून्यावर असताना ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला उणे ९ अंशांसारखी थंडी वाजते. ताशी २५ ला उणे ६ सारखी. वर हातमोजे ओले असतील, तर पाणी वाळताना आणखी उष्णता घेऊन जातं. आणि लडाखच्या रस्त्यावरचे वितळत्या बर्फाचे नाले ओलांडताना हातमोजे कोरडे राहणं कठीणच.

अशा वेळी शरीर हृदय, फुप्फुसं, मेंदू यांची ऊब आधी राखतं आणि त्यासाठी हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बोटांना ऊब पोचते ती रक्तातूनच, कारण बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात. रक्त आटलं की बोटं आधी दुखतात, मग बधिर होतात. बधिर बोटाला ब्रेकचा दांडा किती दाबला गेलाय हे कळत नाही. सैल खडीच्या उतारावर पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला, की चाक घसरतं. म्हणून हीटेड ग्रिप्सना चैन म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ब्रेक आणि क्लच ज्या बोटांच्या हातात आहेत, त्या बोटांत जाण राहणं ही सुरक्षिततेचीच गोष्ट आहे.

मात्र ग्रिपची ऊब तळहाताला मिळते. वारा लागतो तो बोटांच्या मागच्या बाजूला. तिथला वारा अडवायला हँडगार्ड लागतात, आणि खर्च करायचाच तर तो आधी हँडगार्डवर करावा. वारा थांबल्यावर कमी विजेतही काम भागतं.

तापतं ते नेमकं काय

ग्रिपच्या रबरात, किंवा रबराखाली गुंडाळलेल्या पातळ पट्टीत, विजेला अडथळा करणारी बारीक तार किंवा धातूचा पातळ थर असतो. वीज त्यातून रेटून जाते आणि त्या रेट्यात तिचं उष्णतेत रूपांतर होतं. यापलीकडे आत काही नाही. इस्त्रीत आणि गिझरमध्येही हेच होतं.

या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. एक नेहमीचं उदाहरण घेऊ. दोन ग्रिप्स मिळून १२ व्होल्टला ३६ वॅट घेतात, म्हणजे तारेतून ३ अँपिअर वाहतात. प्रत्येक ग्रिप ८ ओहमची. दोघींना बॅटरीकडून स्वतंत्र वाट दिली, म्हणजे समांतर जोडल्या, की प्रत्येकीला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि प्रत्येकी १८ वॅट तापते.

याच दोन ग्रिप्स एकीमागे एक, म्हणजे एकसर जोडल्या, तर विजेला १६ ओहम पार करावे लागतात. प्रवाह पाऊण अँपिअरवर येतो आणि दोन्ही मिळून फक्त ९ वॅट तापतात. हा झाला ‘लो’. एका साध्या बटणाने जोडणी बदलली, की हाय आणि लो अशा दोन पायऱ्या मिळतात आणि काहीही वाया जात नाही. स्वस्तातल्या काही संचांत लोसाठी वाटेत वेगळा रेझिस्टर टाकलेला असतो. तो हँडलमागे कुठेतरी बसून स्वतःच तापतो. हाताला ९ वॅट मिळतात आणि गाडी मात्र १८ वॅट मोजते. हल्लीचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर वीज सेकंदात अनेकदा चालू-बंद करतात. चालू काळ कमी ठेवला की ऊब कमी, आणि वायाही जवळजवळ काही जात नाही. माझी पसंती यालाच आहे, पण एका अटीवर. ती पुढे येईल.

विकत घेताना लोक सहसा पाहत नाहीत अशी एक बाब आहे. उजव्या मुठीखाली ॲक्सिलरेटरची प्लास्टिकची नळी असते. ती उष्णता अडवते. डावी ग्रिप थेट हँडलच्या धातूवर बसते. ऑफरोड गाड्यांचं हँडल बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं असतं आणि ते पोलादापेक्षा कितीतरी झपाट्याने उष्णता वाहून नेतं. परिणाम असा, की डावी मूठ हाताऐवजी हँडल तापवत बसते. चांगले संच डाव्या बाजूची पट्टी जास्त वॅटची देतात. तसं नसेल, तर डाव्या बाजूला हँडलवर आधी हीट श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी, नळी चढवून मग पट्टी गुंडाळावी.

तयार हीटेड ग्रिप घ्यावी की रबराखालची पट्टी? रस्त्यावरच्या गाडीला तयार ग्रिप ठीक. ऑफरोड गाडी पडतेच, आणि पडली की आधी हँडलची टोकं घासतात. पट्टी असेल तर फाटलेलं रबर तेवढं बदलता येतं. शिवाय हँडगार्ड हँडलच्या टोकाला आवळायचे असतात, तिथे टोक बंद असलेली ग्रिप चालत नाही. आणि आत तारा असलेली ग्रिप वाटेल तिथे कापताही येत नाही.

कमाई, खर्च आणि शिल्लक

आता हेडलाईटकडे वळू. गाडीत वीज तयार करणारा भाग म्हणजे अल्टरनेटर. गॅरेजमध्ये त्याला मॅग्नेट आणि कॉइल प्लेट म्हणतात. इंजिनाबरोबर चुंबक फिरतो आणि स्थिर कॉइलमध्ये वीज निर्माण होते. चुंबक जितका जोरात फिरेल, तितकी वीज जास्त. म्हणून अल्टरनेटर हा घरातला रोजंदारीवरचा कमावता माणूस समजावा. काम जास्त असलं की कमाई जास्त, काम थंडावलं की कमाई कमी. बॅटरी म्हणजे डब्यात बाजूला टाकलेली शिल्लक.

जुन्या गाड्यांत हेडलाईट थेट कॉइलवर असे. त्याचं पोट रोजच्या कमाईवर. इंजिन मंदावलं की तोही मंदावणार. हॉर्न आणि इंडिकेटर बॅटरीवर, म्हणजे शिलकीवर. त्यांना इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नाही. पहिलं कोडं इथे सुटलं.

आजच्या गाड्यांत सगळी वीज आरआर युनिटमधून, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायरमधून जाते. उलटसुलट वाहणारी वीज तो एका दिशेची करतो आणि व्होल्टेज १४ च्या आसपास रोखून धरतो. गाडी पळत असताना कमाई खर्चापेक्षा जास्त असते आणि उरलेलं बॅटरीत जमा होतं. गाडी रखडत चालली, की कमाई घसरते आणि तूट बॅटरी भरून काढते. दिवा पूर्वीसारखा मलूल पडत नाही, त्यामुळे तूट चालू आहे हे सहज लक्षात येत नाही.

ऑफरोड गाड्यांत ही कमाई मुळातच बेताची असते, कारण जड चुंबक आणि मोठी कॉइल म्हणजे वाढीव वजन. सुझुकी डीआर ६५० ही जगभर दूरच्या भटकंतीला वापरली जाणारी गाडी. तिचा अल्टरनेटर २०० वॅटचा, तेही इंजिन चांगलं फिरत असताना. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन मंद फिरत असताना, अशा अल्टरनेटरचं उत्पन्न निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतं. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट दिवसाही चालूच राहतो, तो बंद करून बचत करण्याची सोय नाही. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ मध्ये हॅलोजन बल्ब ५५/६० वॅटचा आहे. इंजेक्शनची गाडी म्हटली की पेट्रोल पंप आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, हेही वीज मागणार. यात कुणी दोन जादा फॉग लॅम्प लावलेले, मोबाइल चार्जिंगला, आणि वर हीटेड ग्रिप्स हायवर. चढावर गाडी ताशी दहाने चालली आहे. डबा रिकामा व्हायला फार वेळ लागत नाही.

ग्रिप कोमट का होते, तेही इथेच कळतं. ८ ओहमच्या त्याच दोन ग्रिप्स १४ व्होल्टला ३६ नव्हे, तर ४९ वॅट तापतात. कारण व्होल्टेज वाढलं की प्रवाहही वाढतो आणि उष्णता या दोन्हींच्या गुणाकाराने वाढते. उलट तूट सुरू होऊन व्होल्टेज १२ वर आलं, की ४९ चे ३६ होतात. एक चतुर्थांश ऊब गेली, आणि वाटेत खराब सांधे असतील तर त्याहून जास्त.

चौकट : एका जोडीचा हिशेब (प्रत्येक ग्रिप ८ ओहम)

समांतर, १४ व्होल्ट (गाडी पळताना) : ३.५ अँपिअर, ४९ वॅट
समांतर, १२ व्होल्ट (बॅटरीवर) : ३ अँपिअर, ३६ वॅट
एकसर, १२ व्होल्ट (लो) : ०.७५ अँपिअर, ९ वॅट
इंजिन बंद, हाय चालू, २० मिनिटं : बॅटरीतून १ अँपिअर-तास खर्च
हिमालयन ४११ च्या बॅटरीची क्षमता : ८ अँपिअर-तास, आणि थंडीत त्याहून कमी

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचाव्यात. चहाच्या टपरीवर विसरलेली ग्रिप आठवा हिस्सा खाऊन टाकते, आणि सेल्फला एका दमात लागणारा मोठा प्रवाह द्यायला बॅटरी बरीच भरलेली असावी लागते. हिमालयनला किक नाही. पाच हजार मीटरवर, विरळ हवेत, सामानाने लादलेली गाडी ढकलून चालू करणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्याला विचारावं.

जिला बॅटरीच नसते ती गाडी

परदेशी शर्यतींच्या निव्वळ एंड्युरो आणि मोटोक्रॉस गाड्यांपैकी कित्येकींना बॅटरी नसते, किंवा असली तरी दिवे थेट कॉइलवर असतात. म्हणजे उलटसुलट वाहणारी, एसी वीज. तिथे एक सोयीची गोष्ट आहे. रोधाला दिशेशी कर्तव्य नसतं. वीज इकडून तिकडे जाओ की तिकडून इकडे, तो तापतोच. त्यामुळे साध्या बटणावर चालणाऱ्या पट्ट्या एसीवरही काम करतात. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर मात्र एका दिशेच्या, डीसी विजेसाठी बनलेला असतो आणि एसीवर तो जळू शकतो. मघाशी म्हटलेली अट ती हीच. गाडी डीसी आहे की एसी, हे मल्टिमीटरने पाहिल्याशिवाय कंट्रोलर विकत घेऊ नये.

तार घ्यायची कुठून

घाईत असलेला वायरिंगवाला हेडलाईटची वायर सोलतो, त्यावर ग्रिपची वायर पिळतो, काळी टेप मारतो आणि ‘झालं साहेब’ म्हणतो. चालू तर लगेच होतं. पण त्या तारेतून हेडलाईटचे चार-साडेचार अँपिअर आधीच जात असतात; आता आणखी साडेतीन. आणि ग्रिपमध्ये शॉर्ट झालं, तर त्याच फ्यूजवरचा हेडलाईटही जाणार. रात्री, घाटात.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे थेट बॅटरीवर. तिथे वीज भरपूर, पण चावी काढली तरी ग्रिप चालूच.

या दोन्हींतून वाट काढतो तो रिले. हॉर्नसाठी कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो तोच, चार पायांचा. आत एक छोटी कॉइल आणि एक स्विच असतो. कॉइलला किंचित वीज मिळाली की तिचं चुंबक होतं आणि ते स्विच ओढून घेतं. मोठा प्रवाह त्या स्विचमधून जातो. पायांवर आकडे असतात. ३० नंबरला बॅटरीची प्लस तार, ८७ मधून ग्रिपकडे तार. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं; एकाला अर्थ, दुसऱ्याला चावी फिरवल्यावरच चालू होणारी एखादी तार, उदाहरणार्थ मागच्या पार्किंग दिव्याची. रिलेची कॉइल जेमतेम पाव अँपिअरच्या आत घेते, त्यामुळे त्या तारेवर ताण येत नाही. चावी काढली की रिले सुटतो आणि ग्रिप बंद.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा. अनेकांना वाटतं, फ्यूज ग्रिपला वाचवतो. तो वाचवतो तारेला. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार चॅसिसला घासून सोलली गेली, तर तिला कुणीच वाचवू शकत नाही. ती लाल होते आणि शेजारी पेट्रोलची टाकी असते. साडेतीन अँपिअरच्या जोडीला ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो उडतो म्हणून १५ चा घालणं म्हणजे शॉर्टचं कारण न शोधता राखणदाराला घरी पाठवणं. तार तांब्याची, बारीक धाग्यांची, १ चौरस मिलिमीटरची घ्यावी. अर्थसुद्धा चॅसिसच्या रंगवलेल्या बोल्टवर न घेता बॅटरीच्या मायनसपर्यंत आणावा.

अर्धा ओहम

या कामात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सांध्यांकडे. पिळून टेप मारलेला सांधा पहिल्या दिवशी उत्तम चालतो. मग ऊन लागून टेपचा डिंक सुटतो, नाल्याचं पाणी आत शिरतं, तांब्यावर हिरवट काळा थर चढतो. थरथरीने धागे एकेक करून तुटतात. समजा, त्या सांध्यात फक्त अर्धा ओहम रोध आला. अर्धा ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दोन्ही ग्रिप्स मिळून ४ ओहमच्या असतात. एकूण साडेचार झाले की १२ व्होल्टला प्रवाह ३ वरून २.७ च्या खाली येतो, ग्रिप्सना ३६ ऐवजी साधारण २८ वॅट मिळतात, आणि साडेतीन वॅट त्या शेंगदाण्याएवढ्या सांध्यात तापतात. तापल्याने तो आणखी खराब होतो. पुढे कधीतरी तिथलं प्लास्टिक वितळलेलं सापडतं.

सोल्डर केलं की प्रश्न मिटला असं अनेक जण मानतात. घरातल्या रेडिओत ते खरं. गाडीत शिसं धाग्यांमध्ये झिरपून तार काही अंतर ताठ होते, आणि जिथे ताठ भाग संपतो तिथेच थरथरीने ती तुटते. गाडीसाठी योग्य मापाची लग, म्हणजे तारेवर दाबून बसवायचं धातूचं टोक, चांगल्या क्रिंपिंग पकडीने दाबलेली, आणि वर डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. जोड काढता यावा अशा ठिकाणी रबरी सील असलेले कपलर. हे साहित्य महाग नाही. लागतो तो वेळ, आणि वेळ देणारा कारागीर. तो भेटला तर त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

उजव्या मुठीची तार

डावी मूठ जागेवर असते, उजवी फिरते. तिची तार प्रत्येक वेळी रेस देताना वळते. तार आखडती ठेवली तर काही दिवसांत आतून तुटते. फार सैल ठेवली तर ब्रेकच्या दांड्यात किंवा हँडगार्डच्या कंसात अडकते. अडकली तर मूठ परत येत नाही आणि गाडी रेसमध्येच राहते. या सगळ्या जोडणीत जिवावर सगळ्यात सहज बेतू शकेल अशी जागा ही आहे.

तार मुठीच्या खालच्या बाजूने बाहेर पडेल अशी ग्रिप फिरवून बसवावी आणि तिथे छोटा वेढा सोडावा. मग इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि मधे, अशा तिन्ही स्थितींत मूठ शेवटपर्यंत पिळून सोडायची. ती तिन्ही वेळा स्वतःहून ‘टप्’ करून मागे यायला हवी. त्यानंतर इंजिन चालू करून हँडल टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. आवाज जरासुद्धा चढला, तर कुठेतरी तार किंवा केबल ओढली जाते आहे. हँडलच्या दांड्याजवळ, जिथे सगळ्या तारा वळून टाकीखाली शिरतात, तिथेही हात घालून पाहावं. टाय घट्ट आवळले असतील तर तिथे तार चेपते.

निघण्याआधी

मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावायचा. इंजिन आयडलवर, हेडलाईट चालू, ग्रिप बंद. आकडा लिहून ठेवायचा. मग ग्रिप हायवर करून पुन्हा पाहायचं. १३ च्या वर राहिला तर आयडललाही कमाई पुरते आहे. १२.६ च्या खाली उतरत गेला तर बॅटरी रिकामी होते आहे. मग रखडत्या चढावर ग्रिप लोवर ठेवायची आणि जादा दिवे बंद करायचे. थोडी रेस देऊन आकडा कुठे वर येतो ते टॅकोमीटरवर बघून ठेवलं, तर चढावर कोणत्या गिअरमध्ये राहायचं हेही ठरतं. व्होल्टेज फार उतरल्यावर आपोआप बंद होणारा कंट्रोलर असेल तर उत्तमच.

दुसरं मोजमाप ग्रिपच्या कपलरपाशी. बॅटरीवरचा आकडा आणि इथला आकडा यांत ग्रिप हायवर असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर वाटेतला एखादा सांधा वीज खातोय. गाडी धुऊन, कपलरवर पाण्याचा भरपूर मारा करून हेच मोजमाप पुन्हा घ्यावं. फरक वाढला, तर तो सांधा कापून नवी लग दाबायची, आणि ते काम पुण्या-मुंबईतच उरकायचं.